लघुप्रबंध पूर्ण झाला म्हणजे काय झाले?

जाफराबाद परिसरातील श्रमव्यवहार आणि मानव संसाधन व्यवस्थापनाचा पदव्युत्तर अभ्यास

१

पदव्युत्तर वर्गाच्या लघुप्रबंधाच्या आरंभी मार्गदर्शकाचे प्रमाणपत्र जोडलेले असते. काम विद्यार्थ्याचे स्वतःचे आहे आणि ते आपल्या देखरेखीखाली पूर्ण झाले आहे, अशी दोन विधाने त्यात असतात. यांपैकी पहिल्या विधानाची तपासणी अलीकडे कसोशीने होऊ लागली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले असून त्यापुढील साम्यास चढत्या श्रेणीने दंड सांगितला आहे. दुसऱ्या विधानाची तपासणी कशी होते? प्रकरणे पाच आहेत, तक्ते आहेत, प्रश्नावली परिशिष्टात जोडली आहे, बांधणी झाली आहे, एवढे पाहिले की काम पूर्ण ठरते. 'पूर्ण' या शब्दाचा अर्थ इतका उथळ व्हावा काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आजच उपस्थित करण्यास कारण आहे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून लागू झालेल्या पदव्युत्तर आराखड्यात पहिल्या सत्रात संशोधनपद्धतीचा विषय आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन्ही सत्रांत मिळून दहा श्रेयांकांचा संशोधनप्रकल्प आला आहे. त्यामुळे विद्यापीठाच्या विभागांत ज्याची परंपरा होती ते काम तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयांतही प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्यास आले आहे. वाणिज्य व व्यवस्थापन शाखांत त्यातही मानव संसाधन व्यवस्थापनाकडे ओढा मोठा. या विषयास प्रयोगशाळा लागत नाही, भारी गणित लागत नाही. प्रश्नावली वाटली की सामग्री जमते, असा समज आहे. तो समज किती फसवा आहे हे पाहण्यासाठी जालना जिल्ह्याच्या उत्तर भागातील जाफराबाद तालुका डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे होईल. खेळणा आणि पूर्णा यांच्या संगमावरील हे गाव १९८१ मध्ये जालना जिल्हा निर्माण होईपर्यंत औरंगाबाद जिल्ह्यात होते. येथे मोठा कारखाना नाही. परंतु श्रमाची योजना, भरती, आगाऊ रक्कम, देखरेख आणि शिस्त या सर्व गोष्टी येथे भरपूर आहेत. मानव संसाधनाच्या अभ्यासकास आणखी काय हवे?

२

रूढ लघुप्रबंधाचा साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. शीर्षक 'अमुक कंपनीतील कर्मचाऱ्यांच्या कार्यसमाधानाचा अभ्यास' या धर्तीचे. पहिल्या प्रकरणात मानव संसाधनाच्या व्याख्या, दुसऱ्यात पूर्वसाहित्याचा आढावा, तिसऱ्यात संशोधनपद्धती, चौथ्यात तक्ते व आलेख, पाचव्यात निष्कर्ष आणि शिफारशी. शिफारशींत प्रशिक्षण वाढवावे, संवाद सुधारावा, गुणवंतांचा गौरव करावा असे म्हटलेले असते.

या साच्याला सरसकट हिणविणे योग्य होणार नाही. प्रथमच संशोधनास बसणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा आधार वाटतो. क्रम राखणे, मूळ लेखकांचे ऋण मान्य करणे, सामग्री व मत यांत भेद करणे या सवयी त्याने लागतात. साच्याचा दोष त्याच्या प्रकरणांत नाही. 'कर्मचारी कोण?' हा प्रश्न तो विद्यार्थ्याला विचारूच देत नाही, हा त्याचा दोष आहे. कंपनीच्या मानव संसाधन अधिकाऱ्याने दिलेली यादी हाच कर्मचारीवर्ग, असे तो गृहीत धरतो.

जाफराबादचा विद्यार्थी म्हणूनच आपला तालुका सोडून जालन्याच्या औद्योगिक वसाहतीकडे वळतो. जालना हे बियाण्यांचे आणि लोखंडी सळयांचे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीची, म्हणजे महिकोची, स्थापना केली तेव्हापासून संकरित बियाण्यांच्या व्यवसायाने येथे मूळ धरले. १९९८ चे जागतिक अन्न पारितोषिक बारवाले यांना मिळाले. अशा व्यवसायातील एखाद्या कार्यालयात विद्यार्थी अर्ज करतो, यादी मिळवितो, शंभर प्रश्नावल्या वाटतो. लेखापाल, विक्री प्रतिनिधी, प्रयोगशाळा सहायक, गोदाम कारकून यांची उत्तरे येतात. ती खरी असतात, उपयोगीही असतात. परंतु बियाणे ज्यांच्या हातांनी तयार होते त्यांचा त्या शंभरांत समावेश नसतो आणि त्यांचा समावेश का नाही याचे स्पष्टीकरणही प्रबंधात नसते.

३

या विषयाच्या भारतातील इतिहासाकडे वळले असता ही उणीव किती मूलगामी आहे हे लक्षात येते. 'मानव संसाधन' हे नाव अलीकडचे. लार्सन अँड टुब्रो कंपनीने उदय पारीक व टी. व्ही. राव यांच्या सल्ल्याने १९७५ च्या सुमारास मानव संसाधन विकासाची स्वतंत्र रचना केली, तेथपासून हे नाव आपल्या उद्योगांत रुळले. परंतु ज्या पदातून हा विभाग वाढला ते पद जुने आहे आणि ते एका विशिष्ट गरजेतून जन्मले.

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार नेमण्याचे, काढण्याचे, त्याला उधार मिळवून देण्याचे आणि त्याच्याकडून दस्तुरी घेण्याचे अधिकार व्यवहारतः जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती होते. स्त्रियांच्या खात्यांत नायकिणी होत्या. मालकाला कामगाराचे नावही माहीत असण्याचे कारण नव्हते. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर बोट ठेवले आणि नेमणुकीचा व बडतर्फीचा अधिकार जॉबरकडून काढून त्यासाठी कामगार अधिकारी नेमावेत अशी शिफारस केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवर कल्याण अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. २०२० च्या श्रमसंहितेत तो कायदा विलीन करण्यात आला. कामगार अधिकारी, कल्याण अधिकारी, कार्मिक अधिकारी, मानव संसाधन व्यवस्थापक अशी ही वंशावळ आहे. तात्पर्य, आपल्या देशात या शास्त्राचा पहिला प्रश्न मुकादम हा होता. मालक आणि श्रमिक यांच्यामध्ये जो उभा आहे त्याचे काय करावे, या विचारातून ते उभे राहिले.

ज्या तालुक्यात तो मध्यस्थ अद्याप श्रमव्यवहाराच्या केंद्रस्थानी आहे तेथील विद्यार्थ्याने त्याला वगळून मानव संसाधनाचा प्रबंध लिहावा, यात आपल्या शास्त्राचे पहिले पानच फाडून टाकल्यासारखे होते.

४

दोन उदाहरणे घेऊ.

जाफराबाद आणि शेजारचा देऊळगाव राजा तालुका येथे शेडनेटखाली भाजीपाल्याच्या संकरित बियाण्यांचे उत्पादन होते. टोमॅटो किंवा मिरची यांची उमलण्याच्या बेतात असलेली कळी चिमट्याने उघडून तीतील पुंकेसर काढावयाचे आणि पुढे निवडलेल्या नर झाडाचे पराग त्या फुलाच्या कुक्षीला लावावयाचे, हे काम एकेका फुलावर हाताने करावे लागते. त्याला सर्वजण 'क्रॉसिंग' म्हणतात. हात हलका हवा, नजर तीक्ष्ण हवी. कळी एक दिवस उशिरा उघडली तर स्वपरागण होऊन बियाण्याची शुद्धता जाते. हे काम बहुतांशी स्त्रिया करतात. अर्थात हे कुशल काम आहे. प्रशिक्षण, गुणवत्ता, देखरेख, वेळेचे नियोजन हे पाठ्यपुस्तकातील सर्व घटक त्यात आहेत.

परंतु या स्त्रीचा मालक कोण? बियाणे कंपनीचे, वाण कंपनीचा, शुद्धतेची कसोटी कंपनीची. कंपनी व्यवहार करते ऑर्गनायझरशी. ऑर्गनायझर प्लॉट देतो शेतकऱ्याला. शेतकरी घरची माणसे लावतो किंवा मजूर लावतो. माल उगवणक्षमतेच्या व शुद्धतेच्या चाचणीत उतरला नाही तर नुकसान शेतकऱ्याचे होते आणि त्याची झळ मजुरीला लागल्यावाचून राहत नाही. कामाचा दर्जा जो ठरवितो तो मजुरी देत नाही, आणि जो मजुरी देतो त्याला दर्जा ठरविता येत नाही. मानव संसाधन व्यवस्थापनाची नियंत्रण आणि उत्तरदायित्व ही दोन कार्ये येथे वेगवेगळ्या हातांत गेली आहेत. हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, आणि त्यासाठी विद्यार्थ्याला तालुक्याची शीव ओलांडावी लागत नाही.

दुसरे उदाहरण ऊसतोडणीचे. मराठवाड्यातून, बीडइतक्या प्रमाणात नसले तरी जालना जिल्ह्यातूनही, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास टोळ्या साखर कारखान्यांकडे जातात. येथे मोजमापाचे एकक 'कोयता' हे आहे. कोयता म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी. उचल कोयत्याला मिळते, हिशेब कोयत्याचा होतो. आता पाठ्यपुस्तकातील 'वैयक्तिक कामगिरीचे मूल्यमापन' येथे कोणाचे करावयाचे? उत्तरदाता एक की दोन? प्रश्नावली नवऱ्याने भरली तर बायकोच्या श्रमाविषयी आपणास काय कळले? यांचा निर्णय केल्यावाचून पहिला तक्ताही मांडता येणार नाही.

शब्दांचेही असेच आहे. रूढ प्रश्नावलीत 'अनुपस्थिती' आणि 'आगाऊ वेतन' असे शब्द असतात. टोळीत 'खाडा' आणि 'उचल' हे शब्द आहेत. खाडा म्हणजे गैरहजेरी अधिक तिचा दंड. उचल म्हणजे आगाऊ रक्कम अधिक ती फिटेपर्यंत काम न सोडण्याचे बंधन. अनुपस्थिती हे वर्तन आहे. खाडा ही शिस्तीची संस्था आहे. एकाचे भाषांतर दुसऱ्याने केले की ती संस्थाच दिसेनाशी होते आणि निष्कर्षात 'अनुपस्थितीचे प्रमाण अत्यल्प आढळले' असे समाधानाचे वाक्य उमटते. दंडाच्या भीतीने आजारी माणूस फडात उभा राहतो, हे त्या वाक्याच्या पोटात दडून जाते.

५

साधनांकडे वळू. पाच पर्यायांची मापनश्रेणी आज प्रत्येक लघुप्रबंधात असते. ती ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या रेन्सिस लायकर्टने ती १९३२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडली. म्हणजे हे साधन स्वतःच एका विद्यार्थ्याच्या प्रबंधाचे अपत्य आहे. त्याचे उत्तरदाते महाविद्यालयीन विद्यार्थी होते आणि विधाने आंतरराष्ट्रीय संबंध, वंशभेद यांसारख्या प्रश्नांवरील होती. छापील विधान वाचून त्याच्याशी आपली सहमती किती आहे हे सांगण्याची ज्यांना सवय होती त्यांच्यासाठी ते घडले. शेडनेटच्या दारात विद्यार्थ्याने वाचून दाखविलेल्या विधानावर 'बरं आहे' असे उत्तर मिळते. त्या उत्तराची नोंद 'सहमत' या रकान्यात करताना आपण मत मोजतो की सौजन्य, याचा विचार व्हावयास हवा. लायकर्टला दोष देण्याचे कारण नाही. त्याने आपल्या उत्तरदात्यांना साजेसे साधन शोधले. आपण मात्र त्याचे साधन घेतो आणि शोध सोडून देतो.

अमेरिकेतील हॉथॉर्न कारखान्यातील अभ्यासांचा उल्लेख प्रत्येक आढाव्यात येतो, पण त्यातील एक बोधप्रद गोष्ट क्वचितच सांगितली जाते. १९२८ पासून तेथे मुलाखतींचा मोठा कार्यक्रम झाला; वीस हजारांहून अधिक कामगारांशी बोलणे झाले. आरंभी ठरीव प्रश्न विचारले जात. कामगार मात्र प्रश्न सोडून आपल्या मनातले बोलू लागत. तेव्हा संशोधकांनी प्रश्नांची यादी बाजूस ठेवून ऐकण्याची पद्धत स्वीकारली. एवढ्या थोर उदाहरणाचा दाखला द्यावयाचा आणि स्वतः मात्र तीस बंद प्रश्नांची यादी न सोडता परत यावयाचे, हा विरोधाभास आहे.

संख्याशास्त्राची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. क्रेजी व मॉर्गन यांचा १९७० चा तक्ता एक हजारांच्या समष्टीसाठी २७८ चा नमुना सांगतो. त्या तक्त्याच्या बुडाशी यादृच्छिक निवडीचे गृहीत आहे. भेटेल त्याला प्रश्नावली देऊन २७८ ही संख्या भरली तर तक्त्याचे बळ प्रबंधाला मिळत नाही. काय-वर्ग कसोटीचेही तसेच. चार वयोगट आणि पाच पर्याय यांचे वीस कोष्टके होतात. शंभर उत्तरदाते त्यांत विभागले तर सरासरी एका कोष्टकात पाच येतात; म्हणजे अनेक कोष्टकांत अपेक्षित वारंवारता पाचांहून कमी राहणार हे उघड आहे. अशा वेळी गट एकत्र करावे लागतात, अथवा कसोटी सोडावी लागते. चौथ्या प्रकरणात दहादहा कसोट्या असतात, ही सावधगिरी मात्र क्वचित आढळते.

६

येथे मार्गदर्शकाचा विषय येतो. त्याचे काम काय? शीर्षक मंजूर करणे, प्रकरणे तपासणे, स्वाक्षरी करणे एवढेच असेल तर ते एखादा दक्ष लिपिकही करील.

ज्या विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत त्याच्या परिसरात या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये एडविन कॅनन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लिहिला. तो १९२२ मध्ये सादर झाला, परीक्षकांच्या आक्षेपांमुळे त्यात फेरफार करावे लागले आणि १९२३ मध्ये तो स्वीकृत होऊन ग्रंथरूपाने प्रसिद्धही झाला. ग्रंथाला प्रस्तावना कॅनन यांचीच आहे, आणि तीत त्यांनी विद्यार्थ्याच्या अनेक प्रतिपादनांशी आपला मतभेद उघडपणे नोंदवून त्याच्या विचारातील ताजेपणाचा गौरव केला आहे. मार्गदर्शकाने मतभेद राखून स्वाक्षरी करावी आणि विद्यार्थ्याने मत न सोडता दुरुस्ती करावी, यात मार्गदर्शनाचे सर्व मर्म आले. प्रबंध पूर्ण झाला तो आक्षेप संपले म्हणून नव्हे. आक्षेपांपुढे उभे राहण्याइतका तो पक्का झाला म्हणून.

दुसरे नाव धनंजयराव गाडगीळ यांचे. हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा १९२४ चा ग्रंथ मुळात केंब्रिज विद्यापीठातील एम.लिट. पदवीचा प्रबंध होता. ज्याने तरुणपणी संपूर्ण देशाचा औद्योगिक इतिहास लिहिला त्यानेच पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या द्वारे वाई तालुक्यातील शेतीव्यवहाराची पाहणी केली आणि ती १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. तालुका हा संशोधनास लहान पडतो असे गाडगिळांना वाटले नाही. जाफराबादच्या विद्यार्थ्याला तो लहान वाटत असेल तर त्याला तसे वाटावयास लावणारे आपण आहोत.

आणि येथेच या प्रश्नाचे खरे गांभीर्य आहे. या महाविद्यालयांत शिकणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी शेडनेट आहे, कित्येकांच्या घरची माणसे हंगामाला जातात. उचल म्हणजे काय हे त्यांना व्याख्येवाचून ठाऊक असते. ते सर्व ज्ञान उंबऱ्याबाहेर ठेवून परक्या कार्यालयातील समाधान मोजण्यास आपण त्यांना पाठवितो. यातून विद्यार्थी एक धडा शिकतो: ज्ञान म्हणजे आपल्या घराविषयी न बोलणे. हा धडा पदवीबरोबर जन्मभर टिकतो.

७

यावर आक्षेप येतील ते विचारात घेतले पाहिजेत. पहिला असा की, विद्यार्थ्याजवळ वेळ नाही आणि एकेका मार्गदर्शकाकडे विद्यार्थी पुष्कळ. हे खरे आहे. म्हणूनच विषय लहान करावा. शंभर प्रश्नावल्यांऐवजी एका गावातील पाच टोळ्या, किंवा एका ऑर्गनायझरच्या साखळीतील दहा प्लॉट घ्यावेत. प्रत्येक कोयत्याचा एका हंगामाचा हिशेब, म्हणजे उचल किती, तोड किती टन, खाडे किती, फिटले किती, राहिले किती, एवढा जरी काळजीपूर्वक मांडला तरी तो पुढील अभ्यासकास उपयोगी पडेल. अशा नमुन्यावरून तालुक्याचा निष्कर्ष काढता येणार नाही. तसे स्पष्ट लिहावे. मर्यादा कबूल करणे हाही पूर्णतेचाच भाग होय.

दुसरा आक्षेप असा की, हा विषय श्रमिक अर्थशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा झाला. त्याला उत्तर वर आलेच आहे. भरती, मोबदला, शिस्त, देखरेख आणि मध्यस्थ हे मानव संसाधनाचे मूळ विषय आहेत. ते कार्यालयाबाहेर घडले म्हणून शास्त्राबाहेर जात नाहीत.

तिसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कंपनीची परवानगी मागणे सोपे. मुकादमासमोर मजुराला प्रश्न विचारणे त्या मजुरालाच अडचणीत आणू शकते. म्हणून नावे गाळणे, मुलाखत मुकादमाच्या गैरहजेरीत घेणे, स्त्रियांशी शक्य तेथे विद्यार्थिनींनी बोलणे आणि उचलीचे आकडे टोळी ओळखू येईल अशा रीतीने न छापणे, हे नियम मार्गदर्शकाने आधीच घालून द्यावेत. ही जबाबदारी विद्यार्थ्यावर सोडता येणार नाही.

एक व्यावहारिक गोष्ट राहते ती पंचांगाची. चौथे सत्र डिसेंबर-जानेवारीत सुरू होते आणि प्रबंध उन्हाळ्याच्या तोंडी सादर होतो. नेमक्या त्याच महिन्यांत टोळ्या कारखान्यांच्या फडांवर असतात. तेव्हा ऊसतोडणीवरील क्षेत्रकार्य तिसऱ्या सत्रात, दिवाळीपूर्वी, उचलीचे व्यवहार गावातच होत असताना उरकले पाहिजे. क्रॉसिंगचे काम ज्या आठवड्यांत चालते त्यांत शेडनेटमध्ये जावे. मात्र प्रश्न काम उरकल्यावर विचारावेत, कळी कोणासाठी थांबत नाही. वेळापत्रक विद्यापीठाचे आणि हंगाम शिवाराचा, यांची सांगड घालण्याचे काम विभागाचे आहे.

मौखिक परीक्षेत विद्यार्थ्याला गृहीतके किती आणि नमुना किती हे विचारले जाते. त्याऐवजी, किंबहुना त्याच्याही आधी, तीन प्रश्न विचारावेत. तुझ्या प्रबंधातील श्रमिकाला कामावर कोणी घेतले? त्याला काढण्याचा अधिकार कोणास आहे? आणि ज्यांना तू मोजले नाहीस ते कोण? या तिहींची उत्तरे ज्याला स्वतःच्या शब्दांत व पुराव्यानिशी देता येतील त्याचा लघुप्रबंध साठ पानांचा असला तरी पूर्ण समजावा. ज्याला ती देता येणार नाहीत त्याचे काम तीनशे पानांच्या बांधणीतही अपुरे आहे, आणि त्यावर स्वाक्षरी करणाऱ्याचेही.